मेंदूविना जीवन : सातारा जिल्ह्यातील एका शोधाचा इतिहास

१

मेंदूवाचून जीव जगू शकतो काय, हा प्रश्न आज शारीरक्रियाशास्त्राच्या कक्षेत मोडतो. परंतु तो प्रथम विचारला गेला तो प्रयोगशाळेत नव्हे. शिर तुटल्यावर धडाचे काय होते, हे कुतूहल रणभूमी आणि यज्ञभूमी यांच्याइतकेच जुने आहे, आणि जुन्या वाङ्मयात त्याची उत्तरेही नाना प्रकारची आढळतात. या प्रश्नाचे एक प्रत्यक्ष व जिवंत उत्तर १९११-१२ च्या सुमारास सातारा जिल्ह्यातील नद्यांत सापडले. त्या शोधाचा वृत्तांत सांगणे आणि मूळ प्रश्नावर त्याने कोणता प्रकाश पडतो हे पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

आरंभी परंपरेतील दोन उदाहरणे घेऊ. रामायणाच्या अरण्यकांडातील कबंध या राक्षसाला मस्तक नाही व मानही नाही. परंतु त्याचे तोंड पोटात आहे, छातीवर एक डोळा आहे आणि बाहू अतिदीर्घ आहेत. म्हणजे कवीने मस्तक काढून टाकले, तरी मस्तकाची कामे काढून टाकली नाहीत. ती शरीराच्या अन्य भागांकडे सोपवली. पाहण्यावाचून व खाण्यावाचून प्राणी टिकणार नाही, ही जाणीव या कल्पनेच्या मुळाशी आहे. चेतनेच्या स्थानाविषयी आयुर्वेदाच्या आचार्यांतही एकवाक्यता नव्हती. चरकसंहितेत मस्तकाला उत्तमांग म्हटले असून प्राण व इंद्रिये यांचा आश्रय तेथे सांगितला आहे. सुश्रुतसंहिता मात्र हृदयाला चेतनास्थान मानते.

दुसरे उदाहरण आपल्या इतिहासातील आहे. मुरारबाजी देशपांडे हा वीर प्रथम जावळीकर मोऱ्यांच्या पदरी होता. १६५६ साली जावळी हस्तगत झाल्यावर तो शिवाजी महाराजांच्या सेवेत आला, आणि १६६५ साली पुरंदरच्या वेढ्यात धारातीर्थी पडला. शिर तुटल्यावरही त्याचे धड लढत राहिले, असे लोककथेत सांगितले जाते. परंतु कृष्णाजी अनंत सभासद याने १६९४ साली राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजी येथे लिहिलेली बखर पाहिली, तर तेथे निराळा वृत्तांत मिळतो. दिलेरखानाने मुरारबाजीचा पराक्रम पाहून त्याला कौल देऊ केला, मुरारबाजीने तो धुडकावला, आणि खानाने स्वतः तीर मारून त्याला पाडले. लढणाऱ्या धडाचा उल्लेख या वृत्तांतात नाही. या भेदाने मुरारबाजीच्या शौर्यास तिळभरही उणेपणा येत नाही. लोकमानसाला मात्र शौर्य हे मस्तकाहून खोल कोठेतरी, अवघ्या देहात मुरलेले असते असे वाटले, एवढे यावरून निश्चित दिसते.

मुरारबाजीच्या आयुष्याचा पूर्वार्ध ज्या जावळीत गेला, त्याच जावळीच्या परिसरात मस्तक व मेंदू नसलेला एक खराखुरा प्राणी पुढे सुमारे अडीचशे वर्षांनी शास्त्रज्ञांच्या हाती लागला. त्याच्या बाबतीत मात्र बखरीवर किंवा लोककथेवर विसंबण्याचे कारण नाही.

२

आजच्या जावळी तालुक्याचे ठाणे मेढा हे वेण्णा नदीच्या खोऱ्यात वसले आहे. इंग्रजी कागदपत्रांत हिच नदी येन्ना या नावाने येते. महाबळेश्वरच्या पठारावर उगम पावून ती पूर्वेकडे उतरते आणि साताऱ्याजवळ संगम माहुली येथे कृष्णेस मिळते. कोयना हीदेखील महाबळेश्वरचीच. ती सह्याद्रीच्या कण्याला समांतर अशी दक्षिणेकडे बराच काळ वाहते, हेळवाकजवळ एकाएकी पूर्वेस वळते आणि कराडला कृष्णेत प्रवेश करते. दोन्ही खोरी समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार फूट उंचीवर आहेत. पावसाळ्यात या नद्या दुथडी भरून वाहतात. उन्हाळ्यात प्रवाह क्षीण होतो आणि खडकाळ पात्रात ठिकठिकाणी संथ डोह उरतात.

अशा पाण्यात जेलीफिश सापडेल, अशी अपेक्षा विसाव्या शतकाच्या आरंभी कोणी केली नसती. जेलीफिश हा प्राणी समुद्राचा. नावात ‘फिश’ असले तरी तो मासा नव्हे. हायड्रा, प्रवाळ व समुद्रपुष्प ज्या संघात येतात त्याच संघात त्याची गणना होते. त्याचे शरीर पारदर्शक छत्रीसारखे असते. छत्राच्या कडेने बारीक शुंडकांची झालर असते. त्या शुंडकांवरील दंशपेशींनी तो सूक्ष्म भक्ष्य बधिर करतो. छत्राच्या आतील बाजूस, मध्यभागी, एक आखूड नळी लोंबते आणि तिच्या टोकाशी तोंड असते. पुढची बाजू नाही, पाठ नाही, मस्तक नाही. पोटात तोंड असलेल्या कबंधाची येथे आठवण झाल्यास ते अगदीच अप्रस्तुत ठरणार नाही.

हा प्राणी ओळखला तो शंकर पुरुषोत्तम आघारकर यांनी. १८ नोव्हेंबर १८८४ रोजी मालवण येथे जन्मलेले आघारकर त्या वेळी मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात जीवशास्त्राचे अध्यापन करीत. पश्चिम घाटातील वनस्पती व प्राणी गोळा करण्याच्या भ्रमंतीत कृष्णेच्या या उपनद्यांतील जेलीफिश त्यांच्या दृष्टीस पडले. नमुने कलकत्त्याच्या इंडियन म्यूझियममध्ये गेले. तेथील अधीक्षक नेल्सन ॲनन्डेल यांनी त्यांचे वर्णन करून या जातीस लिम्नोक्निडा इंडिका असे नाव दिले. ॲनन्डेल हेच १९१६ साली स्थापन झालेल्या भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे पहिले संचालक. त्यांचे साहाय्यक फ्रेडरिक हेन्री ग्रेव्हली यांनी १९१२ साली सातारा जिल्ह्यात वेण्णा व कोयना यांच्या खोऱ्यांत प्राणिसंग्रह केला. त्याच वर्षी या जेलीफिशच्या सवयी व प्रसार यांविषयी ग्रेव्हली व आघारकर यांच्या संयुक्त नावाने एक टिपण म्यूझियमच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

येथे एका गोष्टीची नोंद करणे अवश्य आहे. प्राणिशास्त्राच्या नामकरणपद्धतीप्रमाणे जातीच्या नावापुढे जो प्रथम वर्णन करतो त्याचे नाव लागते. जो प्रथम शोधून काढतो त्याचे लागत नाही. त्यामुळे लिम्नोक्निडा इंडिका हे नाव जेथे जेथे छापले जाते तेथे तेथे त्यापुढे ॲनन्डेल यांचे नाव येते, आघारकरांचे येत नाही. यात ॲनन्डेल यांनी अन्याय केला असे म्हणण्याचे कारण नाही. नियमच तसा आहे. परंतु नुसत्या नामसूचीवरून विज्ञानाचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला एका तरुण भारतीय अध्यापकाची ही कामगिरी दिसणारच नाही. नमुने, लेबले, टिपणे आणि नामसूची ही चारही साधने एकत्र ठेवली, तरच चित्र पुरे होते.

आघारकर पुढे वनस्पतिशास्त्राकडे वळले. कलकत्ता विद्यापीठात रासबिहारी घोष अध्यासनाचे ते प्राध्यापक झाले. अभ्यासासाठी जर्मनीत गेले असता पहिल्या महायुद्धामुळे तेथे अडकले आणि बर्लिन येथून पदवी घेऊन परतले. १९४६ साली पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीची स्थापना झाली, तेव्हा तिची धुरा त्यांनी उचलली व २ सप्टेंबर १९६० रोजी निधन होईपर्यंत ती वाहिली. १९९२ पासून त्या संस्थेची संशोधनशाळा आघारकर संशोधन संस्था या नावाने ओळखली जाते. त्या नावामागे सातारच्या डोहातील हा जेलीफिशही आहे, हे फार थोड्यांच्या ध्यानी असते.

३

या शोधाकडे जगाचे लक्ष वेधले गेले ते मात्र मेंदूच्या प्रश्नामुळे नव्हे, तर भूगोलाच्या प्रश्नामुळे. तो वाद थोडक्यात असा.

१८८० साली लंडनच्या रीजंट्स पार्कमधील व्हिक्टोरिया कमळाच्या हौदात गोड्या पाण्यातला जेलीफिश प्रथम दिसला. तो बाहेरून आलेला पाहुणा होता हे उघड होते. १८८३ साली ब्यॉम या जर्मन प्रवाशाला आफ्रिकेतील टांगानिका सरोवरात जेलीफिश आढळले, आणि १८९३ साली ग्युंथर यांनी त्यांचे लिम्नोक्निडा टांगानिकी या नावाने वर्णन केले. सरोवरातील जेलीफिश आणि समुद्री शंखांसारखे दिसणारे तेथील शंख यांच्या आधारावर जे. ई. एस. मूर यांनी १९०३ साली एक ग्रंथ लिहून असे प्रतिपादन केले की, टांगानिका हा एखाद्या प्राचीन समुद्राचा मागे राहिलेला तुकडा असावा; समुद्र गेला, पण त्याचे प्राणी सरोवरात अडकून राहिले. ही उपपत्ती आकर्षक होती; परंतु लवकरच तिच्यावर आक्षेप येऊ लागले.

सातारच्या जेलीफिशने या उपपत्तीस एक अडचण घातली. हा प्राणी आफ्रिकेतील प्राण्याच्याच वंशातला. दोहोंतही जननेंद्रिये मधल्या मुखनळीच्या भिंतीवर असतात, तर लंडनच्या हौदातील जेलीफिशमध्ये ती छत्राच्या नलिकांवर असतात. पण वेण्णा व कोयना ही सरोवरे नव्हेत. त्या डोंगरी नद्या आहेत, दरवर्षी पुराने धुऊन निघणाऱ्या व उन्हाळ्यात आटणाऱ्या. शिवाय त्यांची पात्रे ज्या काळ्या पाषाणात कोरली गेली आहेत तो दख्खनचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी या प्रदेशावर पसरला, आणि त्यानंतर ही भूमी सागराखाली गेल्याची खूण नाही. तेव्हा या डोहांना जुन्या समुद्राचा अवशेष म्हणणे शक्य नव्हते. समुद्राचा तुकडा नसतानाही लिम्नोक्निडा जगू शकतो, हे एकदा सिद्ध झाल्यावर टांगानिकातील त्याच्या अस्तित्वावरून तेथे समुद्र होता असे अनुमान काढण्याचे बळ उरले नाही.

मग एकाच वंशाच्या जाती आफ्रिकेत व सह्याद्रीत कशा? भारत व आफ्रिका एकेकाळी गोंडवन या एकाच महाखंडाचे भाग होते, हे एक उत्तर. पण लाव्ह्याच्या प्रलयातून तो प्राणी अन्यत्र कोठेतरी तगून मागाहून या नद्यांत आला, असे त्यासोबत गृहीत धरावे लागते. दुसरे उत्तर त्याच्या जीवनक्रमात मिळते. गोड्या पाण्यातील या जेलीफिशच्या आयुष्यात छत्राच्या अवस्थेखेरीज दगडाला चिकटून राहणारी एक सूक्ष्म अवस्था असते. तिला पॉलिप म्हणतात. लंडनच्या हौदातील जाती दुष्काळ आला की कठीण कवचात निद्रिस्त होऊन राहू शकते, आणि अशी कवचे पाणपक्ष्यांच्या पायांबरोबर किंवा पाणवनस्पतींबरोबर दूरवर जातात. या मार्गाने ती जाती जवळजवळ सर्व खंडांत पोचली आहे. १९३० नंतरच्या दशकात लिम्नोक्निडा इंडिका कावेरीच्या उगमाकडील प्रवाहांतही मिळाला, तेव्हा पश्चिम घाटाच्या पूर्व उतारावरील नद्यांशी त्याचा संबंध अधिकच स्पष्ट झाला.

४

आता मूळ प्रश्नाकडे वळू. या प्राण्याला मेंदू नाही. तरीही तो पोहतो, शिकार करतो, तोल सांभाळतो व प्रजोत्पादन करतो. हे कसे घडते, याचा उलगडा सातारच्या शोधापूर्वी तीस-पस्तीस वर्षे युरोपात झालेला होता.

१८७० नंतरच्या दशकात जॉर्ज जॉन रोमानिस या इंग्रज संशोधकाने स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर जेलीफिशवर केलेले प्रयोग या विषयात मूलभूत ठरले. एका लहान जेलीफिशच्या छत्राची कड त्याने कात्रीने संपूर्ण कापून वेगळी केली. छत्र तत्काळ निश्चेष्ट झाले व निश्चेष्टच राहिले. उलट कापलेली कड मात्र एखाद्या दोरीसारखी पाण्यात पडली असताही तालात आकुंचन पावत राहिली. म्हणजे पोहण्याचा ताल कडेत उत्पन्न होत होता. मोठ्या जातीच्या जेलीफिशमध्ये कडेवरची आठ इंद्रिये एकामागून एक कापत गेले असता, शेवटचे एक शिल्लक असेपर्यंत छत्र धडधडत राहते, असेही त्याला आढळले. १८७८ साली ऑस्कर व रिचर्ड हर्टविग या जर्मन बंधूंनी सूक्ष्मदर्शकाखाली जेलीफिशची मज्जासंस्था दाखवून दिली. लिम्नोक्निडा ज्या गटात मोडतो त्या गटातील जेलीफिशच्या कडेला मज्जातंतूंची दोन वर्तुळे असतात, आणि छत्राच्या आतील भागात मज्जापेशींचे विरळ जाळे पसरलेले असते.

या जाळ्याचे काम असे चालते. कडेच्या वर्तुळातील काही पेशी ठरावीक अंतराने स्वतःहून उत्तेजित होतात. ती उत्तेजना वर्तुळभर धावते, छत्राखालचे स्नायू एकदम आवळतात, पाणी मागे फेकले जाते आणि प्राणी पुढे सरकतो. स्नायू सैल पडले की छत्राचा लवचीक गर त्याला पुन्हा उघडतो. कडेवर तोल राखणारी सूक्ष्म इंद्रिये असतात. शुंडकाला भक्ष्य लागले की ते शुंडक आत वळते. या सर्व व्यवहारात हुकूम सोडणारे एखादे एकच केंद्र कोठेही नाही. पण व्यवस्था आहे, आणि ती तुटली तर प्राणी निकामी होतो. कड कापलेल्या छत्राने हेच दाखवले.

येथे नेहमी होणारा एक घोटाळा टाळला पाहिजे. मेंदू नसणे आणि मज्जासंस्था नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्पंजाला मज्जापेशीच नाहीत. वनस्पतींनाही नाहीत, तरी लाजाळूचे पान स्पर्शाने मिटते. जेलीफिश व हायड्रा यांना मज्जापेशींचे जाळे आहे, पण मेंदू नाही. ताराममाशाच्या तोंडाभोवती मज्जातंतूंचे कडे आहे, मेंदू नाही. किड्यामुंगीपासून मनुष्यापर्यंतच्या प्राण्यांना मेंदू आहे. ज्या प्राण्याला अन्न व संकट कोणत्याही बाजूने सारखेच येते, त्याला पुढची बाजू नसते आणि म्हणून डोकेही नसते. जो एका दिशेने चालू लागला, त्याची इंद्रिये पुढच्या टोकाला गोळा झाली व त्यांच्यामागे मज्जापेशींचा पुंज साचला. मेंदूचा उदय हा असा चालण्याशी जोडलेला आहे.

याच कसोटीवर काही प्रसिद्ध उदाहरणे तपासता येतात. झुरळाचे डोके कापले तरी ते कित्येक दिवस, क्वचित काही आठवडेही जगते. त्याचा श्वास अंगाच्या बाजूंवरील छिद्रांतून चालतो, त्याच्या रक्ताला आपल्यासारखा दाब नसतो, आणि प्रत्येक वलयाचे व्यवहार त्या त्या मज्जागंडाकडे असतात. ते अखेर मरते ते तहानेने व भुकेने. मस्तक तोडलेल्या बेडकाच्या कातडीवर आम्लाचा थेंब ठेवला तर त्याचा पाय तो पुसून टाकतो. यावरून १८५३ साली फ्ल्यूगर याने पृष्ठरज्जूतही जाणीव असते असे मांडले, लोत्से याने ते नाकारले, आणि मोठा वाद झाला. आज या क्रियेला आपण प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतो. अमेरिकेत कोलोरॅडोमधील फ्रूटा गावी १९४५ साली मान कापलेला एक कोंबडा दीड वर्ष जगला, ही गोष्ट तर पुष्कळांनी ऐकली असेल. परंतु त्याच्या मेंदूचा देठ शाबूत राहिला होता, आणि घशातून थेट अन्नपाणी घालून त्याला जगवण्यात आले होते. म्हणजे तो मेंदूविना जगला असे म्हणताच येत नाही.

सर्व उदाहरणांतून एकच सूत्र निघते. मस्तक गेले तर त्याची कामे कोणाकडे जातात, हा खरा प्रश्न आहे. जेलीफिशमध्ये ती मुळातच कडेभर वाटलेली आहेत. झुरळात ती वलयावलयांत अंशतः वाटलेली आहेत. कबंधाच्या कथेने ती पोटाकडे व छातीकडे दिली. ज्या प्राण्यात ती एका ठिकाणी एकवटली आहेत, त्याला ते ठिकाण गमावून जगता येत नाही.

५

गेल्या काही वर्षांतील संशोधनाने या चित्रात भर घातली आहे. २०१७ साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी कॅसिओपिया या समुद्री जेलीफिशच्या धडधडीचे रात्रंदिवस निरीक्षण केले. रात्री त्याची गती मंदावते, त्या स्थितीत तो चेतनेस उशिरा प्रतिसाद देतो, आणि रात्री त्याला स्वस्थता लाभू दिली नाही तर दुसऱ्या दिवशी तो अधिक सुस्त राहतो. निद्रेची ही तिन्ही लक्षणे मेंदू नसलेल्या प्राण्यात दिसावीत, याचा अर्थ निद्रा ही मेंदूच्या आधीची आहे. २०२३ साली कोपनहेगन व कील येथील संशोधकांनी कॅरिबियन समुद्रातील एका चौकोनी छत्राच्या जेलीफिशविषयी असे दाखवले की, अडथळ्यावर काही वेळा आपटल्यानंतर तो त्या अडथळ्याचे दृश्य आणि आघात यांची सांगड घालतो व पुढे ते टाळतो. ही जाती चोवीस डोळ्यांची आहे. तिच्या अंगची ही क्षमता आपल्या नदीतील डोळे नसलेल्या लिम्नोक्निडाच्या अंगी असेल, असे त्यावरून म्हणता येणार नाही. पण अनुभवावरून शिकण्यासाठी मेंदू हवाच, हा समज आता टिकत नाही.

मनुष्याच्या बाबतीत या प्रश्नाला निराळे गांभीर्य आहे. आपला श्वास मेंदूच्या देठातील केंद्रावर चालतो. ते गेले की श्वास थांबतो. परंतु विसाव्या शतकाच्या मध्यानंतर कृत्रिम श्वासयंत्रे आली, आणि मेंदू मृत असताही छातीचे ठोके काही काळ चालू राहण्याची स्थिती प्रथमच उत्पन्न झाली. १९६८ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या एका समितीने अशा स्थितीचे निकष मांडले. भारतात १९९४ साली मानवी अवयवांच्या प्रत्यारोपणाविषयीचा कायदा झाला व त्याने मेंदूच्या देठाच्या मृत्यूस मृत्यू म्हणून मान्यता दिली. ४ फेब्रुवारी १९९५ रोजी तो ज्या राज्यांत प्रथम लागू झाला त्यांत महाराष्ट्र, गोवा व हिमाचल प्रदेश होते. चार डॉक्टरांच्या मंडळाने सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करून निर्णय द्यावा, अशी त्यात व्यवस्था आहे. मुलाची किंवा पतीची छाती वरखाली होताना दिसत असता तो गेला आहे हे मान्य करणे, आणि त्याचे मूत्रपिंड किंवा यकृत दुसऱ्याला द्यावे काय हे त्याच घटकेला ठरवणे, हा प्रसंग आता साताऱ्या-सांगलीच्या कुटुंबांवरही येऊ शकतो. अशा वेळी शिरावाचून लढणाऱ्या धडाची कथा मनात कोठेतरी जागी असते. यंत्राने चाललेला श्वास हा त्या देहाचा श्वास नव्हे. मेंदूच्या देठाचे काम त्या देहातील दुसऱ्या कोणत्याही भागाने उचललेले नाही, ते भिंतीला जोडलेल्या यंत्राने उचलले आहे. हा भेद स्पष्ट करून सांगणे हे शारीरशास्त्राचे काम आहे, आणि तो लोकांच्या गळी का उतरत नाही हे समजून घेणे इतिहासाचे.

६

शेवटी सातारा-सांगलीच्या अभ्यासकांपुढे दोन गोष्टी ठेवाव्याशा वाटतात.

पहिली जुन्या नोंदींविषयी. १९१२ च्या लेबलांवरील ‘सातारा जिल्हा’ हा आजचा सातारा जिल्हा नव्हे. सांगली, मिरज व जत ही त्या वेळी संस्थाने होती, तर वाळवा, शिराळा, तासगाव व खानापूर हे भाग ब्रिटिश अमदानीतील सातारा जिल्ह्यात होते. १ ऑगस्ट १९४९ रोजी हे भाग आणि विलीन झालेली संस्थाने मिळून दक्षिण सातारा जिल्हा निर्माण झाला व १९६० साली त्याचे नाव सांगली झाले. मेढा व हेळवाक ही ठिकाणे आजही साताऱ्यातच आहेत. परंतु त्या काळच्या प्राणिशास्त्रीय व वनस्पतिशास्त्रीय संग्रहांत नुसते ‘सातारा’ एवढेच लिहिलेले जे नमुने आढळतील, त्यांतील काही आजच्या सांगली जिल्ह्यातील असण्याचा संभव आहे. गावाचे नाव पाहिल्याविना ते कोणत्याही एका जिल्ह्याच्या यादीत घालू नयेत.

दुसरी गोष्ट नद्यांविषयी. आघारकर व ग्रेव्हली ज्या नद्यांच्या काठी उभे राहिले त्या नद्या आज तशा नाहीत. १९६० नंतरच्या दशकाच्या आरंभी कोयनेचे धरण उभे राहिले आणि खोऱ्याचा मोठा भाग शिवाजीसागराखाली गेला. पुढे कण्हेर येथे वेण्णेवरही धरण झाले. जेथे एकेकाळी पावसाळा आणि उन्हाळा एवढीच दोन माने पाण्याला होती, तेथे आता दरवाजे उघडण्या-मिटण्याचे वेळापत्रक आहे. खाली सांगलीच्या लोकांना २००५ व २०१९ च्या महापुरांत या वेळापत्रकाचे महत्त्व पुरते कळून चुकले आहे. नदीच्या खडकांना चिकटून राहणाऱ्या आणि प्रवाह मंदावताच छत्र होऊन सुटणाऱ्या प्राण्याला तर ते त्याहून निकटचे आहे. सरोवरात जगणारे लिम्नोक्निडाचे आफ्रिकी भाऊबंद पाहता, धरणाचे साठलेले पाणी त्याला सर्वस्वी प्रतिकूलच ठरेल असे मानण्याचे कारण नाही. पण नदीच्या डोहातील त्याचे जीवन हे त्या ऋतुचक्राशी बांधलेले होते.

म्हणून मेढा, हेळवाक व वारणेचे खोरे येथील डोहांची पाहणी पावसाळ्यापूर्वीच्या महिन्यांत सतत काही वर्षे व्हावी, असे सुचवावेसे वाटते. त्यासाठी मोठी सामग्री लागत नाही; बारीक जाळी, काचेचे भांडे आणि चिकाटी एवढे पुरेसे आहे. दोन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालयांचे प्राणिशास्त्र विभाग व भूगोल विभाग एकत्र आले, तर हे काम विद्यार्थ्यांच्या हातून होण्यासारखे आहे. आघारकरांनी हा शोध लावला तेव्हा तेही सत्ताविशीच्या आसपासचेच होते.

तात्पर्य असे की, मेंदूवाचून जीव जगू शकतो, आणि त्याचा पुरावा साताऱ्याच्या पाण्यात मिळालेला आहे. परंतु कामे वाटून घेणारी व्यवस्था आणि तिला मानवणारे पाणी यांच्यावाचून तो जगू शकत नाही. पहिल्या गोष्टीवर माणसाची सत्ता चालत नाही. दुसरी आता बहुतांशी त्याच्याच हाती आली आहे.